आचाऱ्यांचे मानधन

गेल्या चैत्रात आमच्या घराण्याच्या दोन शाखांमध्ये एका अक्षरावरून भांडण पेटले आणि ते सोळा दिवस चालले. एक शाखा येथली, बडोद्याची. दुसरी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या कारापूरची. दोन्हीकडे सारखी ऊठबस असलेला असा मी एकटाच, आणि व्यवसायाने प्रोग्रॅमर. घरातली वडीलधारी मंडळी माझ्या धंद्याला अजून ‘ते कॉम्प्युटरचे काहीतरी’ म्हणतात. या भांडणात त्या ‘काहीतरी’चा वाटा किती होता हे जेव्हा उमगले तेव्हापासून ते लिहून काढल्यावाचून चैन पडेना, म्हणून आज बडोदेकर वाचकांपुढे हा कबुलीजबाब.

कारापूर हे गाव साखळीला लागून, वाळवंटी नदीच्या काठी. त्याच्या एका भागाला विठ्ठलपूर म्हणतात. तेथे राण्यांच्या आश्रयाने नांदलेले विठ्ठलाचे देऊळ आहे आणि आसपासची माणसे त्यास गोव्याचे पंढरपूर मानतात. चैत्रात तेथे मोठा उत्सव असतो. पालखी, भजन, रात्री वीरभद्र. लहानपणी तो वीरभद्र पाहून मी आजीच्या पदरात तोंड लपविले होते हे मला आजही कोणी ना कोणी ऐकविते. डिचोली, सत्तरी, पेडणे हे तालुके पोर्तुगीजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या मुलुखांपेक्षा सुमारे अडीचशे वर्षे उशिरा. म्हणून त्यांना ‘नव्या काबिजादी’ हे नाव. त्या अडीचशे वर्षांच्या अंतरामुळे या बाजूची देवळे जागच्या जागी राहिली आणि देवळांबरोबर मराठी पोथीही राहिली. घरात बोलायचे कोकणीत आणि लिहायचे, वाचायचे, देवापुढे म्हणायचे ते मराठीत, ही तेथली जुनी रीत. आमचे खापरपणजे गायकवाडी नोकरीसाठी तेथून निघाले ते बडोद्याचेच झाले. पण चैत्रात कारापूरच्या मूळ घरी समाराधना घालण्याचा परिपाठ दोन्ही शाखांनी मिळून आजवर चालविला आहे.

हा परिपाठ पूर्वी पोस्टकार्डांवर चाले. आता व्हॉट्सॲपवर चालतो. (या शब्दातला जो ‘ॲ’ आहे तो युनिकोडच्या कोष्टकात 2008 साली दाखल झाला. तोपर्यंत ‘ॲ’ लिहायचा म्हणजे निरनिराळ्या क्लृप्त्या कराव्या लागत, आणि वाचणाऱ्याच्या पडद्यावर पुष्कळदा नुसता एक चौकोन उमटे.) दोन गट आहेत, एक कारापूरचा आणि एक बडोद्याचा. एकच गट करावा असे मी कितीदा तरी सुचविले; पण बडोद्याच्या मंडळींना सकाळी सहाला येणारी कारापूरची काकडआरती नको, आणि कारापूरच्यांना बडोद्याच्या मंडळींचे सुविचार नकोत. तेव्हा दोन गट आणि मध्ये मी.

लिहिण्याच्या तऱ्हा तर विचारू नका. येथले आमचे अण्णा मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टिपतात आणि फोन त्याचे देवनागरी करून देतो. कारापूरची आत्या फोनशी नुसती बोलते. ती बोलते कोकणी, फोनला सांगितलेले असते मराठी, आणि दोहोंच्या संगमातून जे निघते त्याचा अर्थ लावणे हा आमच्या घरातला एक करमणुकीचा विषय आहे. तिसऱ्या पिढीने देवनागरीशी काडीमोडच घेतलेला आहे. एकटे कारापूरचे नानाकाका तेवढे देवनागरी कळफलकावर एकेक अक्षर शोधून, चष्मा कपाळावर सरकवून, लिहून झालेला मजकूर तीनदा वाचून मगच पाठवितात. ते मराठी प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षे मास्तर होते.

काकांचा मजकूर बडोद्याच्या गटात मी टाकीत असे, पण तो सरळ टाकीत नसे. 2020 साली सगळे घरात कोंडलेले असताना मी घराण्यापुरता एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला होता. वंशावळ, समाराधनेचा जमाखर्च, वर्षावर्षाची पत्रके, सगळे त्यात. काकांनी पाठविलेले पत्रक त्या प्रोग्रॅममधून गाळून निघे, दप्तरी नोंदले जाई आणि तेथून बडोद्याच्या गटात जाई. ही चाळणी मी मोठ्या हौसेने बसविली होती. तिच्याकडे पुढे वळू.

त्या वर्षीच्या पत्रकात काकांनी लिहिले होते: “यंदा पाने कमी आहेत. आचाऱ्यांना गेल्या वर्षी मानधन फार झाले. ते या वर्षी निम्म्यावर आणावे असे ठरले आहे.”

येथे दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. काका जुन्या वळणाचे असल्यामुळे स्वयंपाक करणाऱ्यांच्या पैशांना ‘मजुरी’ म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. दुसरी अशी की, आदल्याच वर्षी बडोद्याहून एक निवृत्त संस्कृत प्राध्यापक प्रवचनासाठी अण्णांबरोबर कारापूरला गेले होते. त्यांना येथे सगळे ‘आचार्य’ म्हणतात आणि त्यांनाही तेथे नारळ-शालीबरोबर पाकीट दिले गेले होते.

बडोद्याच्या गटात जे पत्रक आले त्यात शब्द होता ‘आचार्यांना’.

अण्णांनी रात्री पावणेबाराला काकांस लिहिले: “दादा, आचार्यांच्या मानधनात काटछाट करायची होती तर ती चारचौघांत जाहीर करण्याचे कारण नव्हते.” काकांनी ते सकाळी वाचले. अण्णा इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात, तेव्हा ‘आचाऱ्यांच्या’च्या जागी ‘आचार्यांच्या’ झाले असेल असे समजून, आणि स्वभावाप्रमाणे ती चूक न दाखविता, त्यांनी उत्तर दिले: “मानधन आम्ही दरवर्षी येथे ठरवितो. त्यात बडोद्याने लक्ष घालू नये.” अण्णा संतापले. एवढा व्यासंगी माणूस, एवढ्या लांब आला, वगैरे त्यांनी लिहिले. काकांचे उत्तर एका ओळीचे: “व्यासंगाचे माहीत नाही, खतखते खारट केले होते.”

दुसऱ्या दिवशी गैरसमज उलगडला. येथे भांडण संपावयास हरकत नव्हती. पण खरे भांडण येथूनच सुरू झाले. अण्णांच्या घरी 1931 साली निघालेला सयाजीशासनशब्दकल्पतरु आहे. महाराजांनी राज्यकारभारातल्या शब्दांसाठी आठ भाषांतले प्रतिशब्द जमवून घेतले त्याचा तो ग्रंथ. अण्णांच्या आजोबांपासून तो कपाटात आहे आणि शब्दाच्या बाबतीत आपले घर ढिलाई खपवून घेत नाही असा अण्णांचा बाणा आहे. त्यांनी लिहिले: “आचारी म्हणावयाचे होते तर आचाऱ्यांना असे लिहावे. आचारी आणि आचार्य यांतला भेद मराठी चौथीत शिकवितात.” काकांनी आपल्या फोनमधले पत्रक उघडून पाहिले. तेथे लख्ख ‘आचाऱ्यांना’ होते. त्यांनी कळविले, “पुन्हा वाच.” अण्णांनी आपल्या फोनमधले पत्रक पुन्हा वाचले. तेथे लख्ख ‘आचार्यांना’ होते. “पुन्हा वाचले. चूक ती चूक.”

पुढचे दहा दिवस मी विस्ताराने सांगत नाही. दोन्ही गटांत आपापल्या बाजूची माणसे गोळा झाली. बडोद्याच्या कोणा एकाने घरी कोकणी बोलणाऱ्यांनी मराठी शुद्धलेखनाचा आव का आणावा असे विचारले. ते कोणीतरी कारापूरला पोचविले. तेथे मग 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल निघाला, 1987 चा राजभाषा कायदा निघाला. घरगुती बोलण्यात जे विषय माणसे पन्नास वर्षे शिताफीने टाळीत आली ते दोन रात्रींत चव्हाट्यावर आले. समोरासमोर बसून हे झाले असते तर आत्याने मध्येच चहा आणला असता, कोणाचे तरी पोर रडले असते. फोनवर रात्री एकटा बसलेला माणूस आपल्याच शब्दांच्या धारेने आपणच कापला जातो, आणि ‘पाठवा’ची खूण अंगठ्याखालीच असते.

या सगळ्यात मी काय केले? मी समेट केला. म्हणजे दोन्हीकडे एकच ओळ पाठविली: “टायपिंगची चूक असेल, काकांचे आता वय झाले आहे, सोडून द्या.”

त्या रात्री कारापूरच्या गटात एक बारीक करडी ओळ दिसली. काका गटातून बाहेर पडले होते. तो गट त्यांनीच उघडला होता. दोन दिवसांनी अण्णांनी सात तिकिटे रद्द केली.

मी मात्र एकटा निघालो. थिवीला उतरलो आणि भाड्याच्या मोटारीत बसलो. चालकाने फोनवर नकाशा लावला होता. नकाशातली बाई गोड आवाजात म्हणाली, “बिचोलिमच्या दिशेने चला.” पुढे तिने साखळीला ‘सँक्वेलिम’ म्हटले. चालक तिकडचाच, मान न वळविता म्हणाला, “तिका सांगून कांय उपेग ना.”

मला त्या वेळी गंमत वाटली. डिचोलीचे बिचोलिम, पेडण्याचे पेर्नेम, साखळीचे सँक्वेलिम. बाहेरचा माणूस म्हणतो की पोर्तुगीजांनी नावे बिघडविली. आपणही तसेच म्हणतो. पण पोर्तुगीज वाचनाच्या नियमांनी ‘साखळी’चे ते स्पेलिंग वाचून पाहा: शेवटचा एम हा ‘म’ नाहीच, तो आधीच्या स्वरावरचा अनुस्वार, मधल्या क्यू-यू-ई चा उच्चार ‘के’. म्हणजे लिहिणाऱ्या कारकुनाने कानावर पडलेले ‘सांकेलीं’ असे काहीसे टिपले होते. रोमन लिपीत ख नाही आणि ळ नाही, तेवढी तूट सोडली तर त्याने आपल्या परीने इमानाने लिहिले. तेच स्पेलिंग पुढे इंग्रजी नियमांनी वाचणाऱ्याच्या हाती पडले, आणि आता यंत्राच्या हाती. लिहिणारा एका नियमाने लिहितो, वाचणारा दुसऱ्या नियमाने वाचतो, आणि बोल लिहिणाऱ्यावर येतो. हे सगळे मला मोटारीत सुचत होते आणि तरीही डोक्यात उजेड पडत नव्हता, याचे आज नवल वाटते.

गोव्यात छापखाना आला तो 1556 साली, हिंदुस्थानातला पहिला. 1616 साली फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण साष्टीत राचोल येथे छापले गेले. भाषा मराठी, पण छपाई रोमन लिपीत. देवनागरीचे सौंदर्य स्टीफन्सना कळत नव्हते असे मुळीच नाही. त्यांनी 1608 च्या एका पत्रात देशी लिपीत छापण्याची परवानगी मागितली होती आणि अडचणही सांगितली होती: रोमनला चोवीस ठसे पुरतात, येथे जोडाक्षरे धरून सहाशेंच्या घरात जातात, काटकसर केली तर ते दोनशेंवर आणता येतील. प्रा. अ. का. प्रियोळकरांनी हिंदुस्थानातील मुद्रणावर 1958 साली जो इंग्रजी ग्रंथ लिहिला त्यात हा सर्व इतिहास आहे. त्या सहाशे ठशांचा धाक पुढे साडेतीनशे वर्षे आपल्या लिपीच्या मानेवर बसला. सावरकरांच्या लिपिशुद्धीमागेही खिळ्यांच्या संख्येची हीच चिंता होती. किर्लोस्कर मासिकातले ‘अि’ आणि ‘अु’ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ते आठवेल. प्रत्येक नव्या यंत्राला आपली अक्षरे जास्त वाटतात. त्या यंत्रामागे बसलेल्या माणसाला तर फारच जास्त वाटतात, हे मी स्वानुभवाने सांगतो.

काका सोप्यावर बसले होते. माझ्या पाया पडण्याला त्यांनी डोक्यावर हात ठेवला, प्रवासाची विचारपूस केली, आणि अण्णांचे नाव काढले नाही. आत्याने चहा दिला. मग काकांनी सहज म्हणून फोन माझ्यापुढे धरला. “तू कॉम्प्युटरातला. मला एवढेच सांग, यात चूक कोठे आहे? मला दिसत नाही. वय झाले आहे.”

मी वाचले. ‘आचाऱ्यांना’. मग माझा फोन काढून बडोद्याच्या गटातले तेच पत्रक उघडले. ‘आचार्यांना’.

माझ्या धंद्यात रोज कोणी ना कोणी तक्रार घेऊन येतो आणि त्याला मी पहिला प्रश्न विचारतो तो हा: तुमच्या पडद्यावर काय दिसते त्याचे चित्र पाठवा. परक्या देशातल्या, तोंडही न पाहिलेल्या माणसांस मी हे गेली अठरा वर्षे विचारीत आहे. सोळा दिवसांत घरच्या दोन माणसांस ते विचारण्याचे मला सुचले नव्हते. चूक म्हाताऱ्या माणसाचीच असणार हे मी धरून चाललो होतो.

आता ती चाळणी. यंत्राच्या पोटात अक्षरे नसतात, आकडे असतात. युनिकोडच्या कोष्टकात देवनागरीला 128 घरे दिली आहेत. ठशांची ती सहाशेंची फौज तेथे साठवावी लागत नाही. सुटे भाग तेवढे साठवायचे आणि त्यांची जुळणी पडद्यावर उमटताना अक्षरसंचाने करायची. य म्हणजे 2351, र म्हणजे 2352, हलन्ताची खूण 2381. तेव्हा 2352, 2381, 2351 असे आकडे ओळीने आले की पडद्यावर रफार उमटतो: र्य, आचार्यांतला. पण मराठीत आणखी एक र आहे, आचाऱ्यांतला, दऱ्यांतला, तऱ्हेतला. हिंदीवाल्यांना तो लागत नाही. त्याच्यासाठी दोन वाटा आहेत. एक अशी की दाक्षिणात्य भाषांतल्या ऱ साठी राखलेले जे घर आहे, 2353, तेथे आमच्या या र ने बिऱ्हाड करावे: 2353, 2381, 2351. दुसरी वाट अशी की साधाच र घ्यावा, पण हलन्तानंतर 8205 हा आकडा घालावा. हा 8205 अदृश्य आहे. त्याला रूप नाही, रुंदी नाही, उच्चार नाही. शेजाऱ्याने कसे दिसावे एवढेच तो सांगतो. दोन्ही वाटा मान्य आहेत आणि दोन्हींनी पडद्यावर हुबेहूब एकच अक्षर उमटते. काकांचा कळफलक दुसऱ्या वाटेने जाणारा होता.

आणि माझी चाळणी 8205 काढून टाकीत होती.

तिचे कारण सांगतो, समर्थन नव्हे. जमाखर्चात ‘विठ्ठल देवस्थान’ हे खाते दोनदा येत होते आणि बेरजा जमत नव्हत्या. शोधल्यावर दिसले की कोणी विठ्ठल लिहिताना दोन ठ एकाखाली एक लिहिले होते, आणि कोणी ते शेजारी शेजारी यावेत म्हणून मध्ये 8205 घातला होता. माणसाला विठ्ठल एकच. यंत्राला ते दोन निराळे इसम. मी वैतागून सरसकट सगळे अदृश्य आकडे उडवून द्यावे अशी एक ओळ लिहिली. चाचणी घेतली ती विठ्ठलावरच. तेथे 8205 गेल्याने फक्त ठ ची ठेवण बदलते, अर्थ बदलत नाही. बेरीज जुळली, मी खूश झालो. 2352, 2381, 8205, 2351 यातला तिसरा गेला की खाली काय उरते, हे त्या दिवशी मनातही आले नाही.

म्हणजे चार-पाच वर्षे बडोद्याच्या गटात काकांची दुसऱ्या दिवशीची ‘दुसर्या’ होत होती, पुजाऱ्यांचे ‘पुजार्या’ होत होते. येथली मंडळी ते वाचीत होती आणि मास्तर आता थकले असे मनात म्हणत होती. त्यात मीही होतो.

मी काकांना सगळे सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही थांबविले नाही. मग आतून वही मागविली आणि चारही आकडे माझ्याकडून पुन्हा वदवून घेऊन एकाखाली एक लिहिले.

“हा 8205 दिसत नाही?”

“नाही, काका.”

“मग काढलास कशाला?”

“दिसत नव्हता म्हणूनच. कचरा वाटला.”

काकांनी टोपण लावले. “एका टिंबाने काय होते मास्तर, असे मुले विचारीत. त्यांना मी वर्गाबाहेर उभे करीत असे.”

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. काका जन्मले तेव्हा डिचोलीवर पोर्तुगीजांचा अंमल होता. मराठी अक्षरे त्यांनी एका खाजगी पंतोजींकडे, धूळपाटीवर, गिरविली. गोवा मुक्त झाला तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. पुढे भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि त्यांतून शिकून काका त्यांतच मास्तर झाले. ज्या अक्षरांवर या माणसाने आयुष्य उभे केले त्यांतलेच एक त्याला लिहिता येत नाही असे आम्ही ठरविले होते.

“अण्णाचा मला राग नाही,” काका म्हणाले. “त्याला चूक दिसली, त्याने दाखविली. मीही दाखविली असती. तू मात्र मला माफ केलेस. न केलेल्या चुकीबद्दल.”

यावर मला उत्तर नव्हते. मी सोप्याच्या पायरीवर जाऊन बसलो आणि फोनवरच प्रोग्रॅममधली ती ओळ खोडली. तिच्या जागी, दुसऱ्या वाटेने लिहिलेला र आला तर त्याचा पहिल्या वाटेचा ऱ करावा आणि मगच बाकीचे पाहावे, अशी तीन ओळींची तजवीज केली. लिहिताना दहा मिनिटे लागली. नंतर अण्णांस फोन केला. संदेश पाठविला नाही, बोललो.

अण्णांनी ऐकून घेतले आणि पहिल्यांदा म्हणाले, “म्हणजे माझ्या पडद्यावर चूक होती हे खरे ना?” मी म्हटले, खरे. त्यांना तेवढे हवे होते. मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. “दादाला दे.” मी फोन काकांना दिला आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसलो. आतून काही ऐकू येत नव्हते. एकदा काका हसल्यासारखे वाटले. बहुधा खतखत्याचा विषय निघाला असावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा मुंबईमार्गे विमानाने मोप्याला उतरले. बरोबर काकू, दोन मुले, सुना, आणि खुद्द आचार्य. मोटारीत नकाशातल्या बाईने ‘बिचोलिम’ म्हटल्यावर आचार्यांनी तिच्याशी वाद घातला असे सूनबाई सांगत होती.

पंचाईत एवढीच झाली की पाने कमी धरून आचारी निम्मे सांगितले होते. आत्याने स्वयंपाकघराच्या दारातून घरातल्या पुरुषांवर नजर फिरविली आणि मला बोट केले. मणगण्याचे पातेले उतरेपर्यंत मी आणि अण्णा शेजारी शेजारी मांडी घालून पुऱ्या लाटीत होतो.